लांबची फेरी

डोळे तपासणारी मुलगी काचा बदलता बदलता थबकली. "काका, तुमचा आवाज ओळखीचा वाटतोय. तुम्ही बागेतल्या तळ्यातली पाणबुडी चालवायचात ना?"

"चालवायचो."

"अगंबाई! आमच्या शाळेची सहल आली होती. इतरांना दहा मिनिटांत बाहेर काढायचात, आम्हाला मात्र चांगला पाऊण तास फिरवलंत. गाणी म्हणून म्हणून घसे बसले आमचे!"

समोरची अक्षरं त्यांना दिसेनाशी झाली.

त्या दिवशी पाणबुडी तळाशी अडकली होती. डोक्यावर पाणी, त्यामुळे झडप उघडायची सोय नव्हती. त्यांच्या केबिनमध्ये पाणी शिरू लागलं, तसं त्यांनी मधलं दार आतून घट्ट लावून घेतलं. दारापलीकडे एकोणीस मुलं होती. पाण्याचा आवाज त्यांच्या कानांवर जाऊ नये म्हणून ते माइकवरून ओरडत राहिले, "अजून मोठ्यानं! देवमाशाला ऐकू गेलं पाहिजे!" पाणबुडी ओढून वर काढली तेव्हा पाणी त्यांच्या छातीला लागलं होतं. तसेच निथळत ते साहेबांकडे गेले आणि लिहून दिलं, 'ही पाणबुडी मी पुन्हा खाली नेणार नाही, कोणाला नेऊही देणार नाही.' पाणबुडी बंद झाली, त्यांची नोकरीही गेली.

"पुढच्या वर्षी धाकट्या भावाला हट्टानं घेऊन आले, तर दाराला कुलूप! इतका रडला बिचारा." तिचा राग अजून गेला नव्हता. "कोणी बंद पाडली हो?"

"होता एक घाबरट माणूस," ते म्हणाले आणि डोळे पुसून खालची ओळ वाचू लागले.