चुंबळ

"गाडी एक नंबरऐवजी सातवर येणार," अशी घोषणा झाली आणि अख्खा फलाट जुन्या अरुंद जिन्याकडे धावला. परदेशी बाई तेवढी तिकीट धरून जागेवरच उभी. मी हमाल, हातवारे करून थकलो, तिला कळेना. मग आमची ठेवणीतली युक्ती केली: बॅग डोक्यावर घेऊन पळत सुटलो. सामानामागे माणूस येतोच. तीही आली, तिच्या भाषेत बोंब मारत. तिला बॅगेसकट डब्यात चढवलं, तोच पोलिसाने मानगूट धरली. "बाईची बॅग पळवतोस?" झटापटीत डोक्यावरची चुंबळ खाली पडली. गाडी हलली. दारातल्या बाईने वाकून डब्यावरची पाटी तिकिटाशी ताडून पाहिली, माझी मानगूट पाहिली आणि बॅग कवटाळून उडी मारली. चुंबळ उचलली, झटकली, माझ्या डोक्यावर नीट बसवली. पोलिसाचा हात आपोआप सुटला. मी कपाळावर हात मारला. "अहो बाई, गाडी गेली ना तुमची!"