साक्रीचा पाहुणा

रविवारी दुपारी चारच्या सुमारास ललितने तरसाचं डोकं चढवलं आणि तो आरशासमोर उभा राहिला. आतून फोम, वरून करडी फर, तिच्यावर काळे पट्टे, डोळ्यांच्या जागी जाळी. ते बनवायला त्याला अकरा महिने लागले होते. आई चक्कीवर दळण आणायला गेली होती, वडील आतल्या खोलीत झोपले होते. कापडगिरण्यांच्या उधन्यातल्या त्या दोन खोल्यांत एवढा एकांत आठवड्यातून एकदाच मिळे.

त्याला फोटो काढायचा होता. मोबाइलवर त्यांचा एक ग्रुप होता, स्वतःला ‘फरी’ म्हणवणाऱ्यांचा. प्रत्येकाने आपलं एक जनावर निवडलेलं, त्याला नाव दिलेलं, स्वभाव दिलेला. कोल्हे, लांडगे, मांजरं पुष्कळ. तरस एकटा ललितच. नाव हसरा. हसऱ्याची माहिती भरताना ‘आवडतं खाणं’ या रकान्यात त्याने आधी ‘हाडं’ लिहिलं, मग ते खोडून ‘घारी’ लिहिलं. वर साजूक तुपाचा थर असलेली माव्याची घारी तरसाला खरंच आवडेल का, याचा विचार त्याने पलसाण्याच्या मिलमध्ये साड्यांची डिझाइनं काढताना अख्खी दुपार केला होता. आवडेल, असं शेवटी ठरलं. ग्रुपमधल्या एकालाही तो कधी भेटला नव्हता. आई तर घरी कोणी आलं की त्या डोक्यावर जुनी साडी टाकायची.

घारीचं खोकं टेबलावर होतं. तेही फोटोत घ्यावं म्हणून तो वळला, तर दारात वडील.

भिकन चौकट धरून उभा होता. सत्तावीस वर्षं कापडाच्या लूमवर काढलेला माणूस. डोक्यात रक्ताची गाठ झाली, त्याला चार महिने झाले होते. तेव्हापासून तो कोणाशी बोलला नव्हता. डॉक्टर म्हणाले होते, आवाज शाबूत आहे, ओळख गेली आहे. आज तर सकाळपासून त्याने पाण्याचा घोटही घेतला नव्हता. चमचा पुढे केला की तोंड घट्ट मिटायचा.

आता आप्पा घाबरून पडणार, असं वाटून ललितचे हात डोकं काढायला वर गेले.

“या पाव्हना,” भिकन म्हणाला. “बठा.”

ललित खाटेवर बसला. भिकन भिंतीचा आधार घेत आला आणि शेजारी टेकला. त्याने तरसाकडे नीट पाहिलं. कान पाहिले, सुळे पाहिले. त्याला काही वावगं वाटलेलं दिसलं नाही.

“तुमी कोन गावना?”

ललितने आपल्या मूळ गावाचं नाव घेतलं. “साक्रीना,” तो कसाबसा म्हणाला.

“साक्रीना? मंग आपलाच!” भिकन हसला. त्याचे पुढचे दोन दात पडलेले होते. चार महिन्यांत ललितने ती फट पाहिलीच नव्हती.

ललितने खोकं उघडलं, घारीचा तुकडा मोडून पुढे केला. भिकनने तो घेतला, तोंडात टाकला आणि सावकाश चघळत राहिला. ओठांच्या कडेने तूप ओघळलं. ललितने दुसरा तुकडा दिला, तोही त्याने खाल्ला. मग पेलाभर पाणी प्यायला.

“बाकीनी ऱ्हाऊ द्या,” तो म्हणाला. “मना पोऱ्या कामले गयेल शे. त्याले घारी भलती आवडस. येईच आते.”

ललितला पुढे राहवलं नाही. त्याने दोन्ही हातांनी डोकं उपसून काढलं. केस घामाने कपाळाला चिकटले होते.

“आप्पा, मी शे. ललित.”

भिकनच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तो मागे सरकत भिंतीला टेकला.

“तू कोन रे? पाव्हना कुठे गया?”

“आप्पा, मीच तो. देखा ना...”

भिकनने त्याचा हात झटकला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. ओठ पुन्हा घट्ट मिटले.

तेवढ्यात उषाबाई आत आली. कमरेवर पिठाचा डबा. जिन्यातूनच तिने नवऱ्याचा आवाज ऐकला होता आणि ती धावत वर आली होती, तिला धाप लागली होती.

“बोलनात ना? मी ऐकं. कोनसंगे बोलनात?”

ललितने मांडीवरच्या डोक्याकडे बोट दाखवलं. तिला काही उमगेना. तेव्हा त्याने ते पुन्हा चढवलं आणि वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला.

भिकन वळला. “कुठे गयथात हो?” त्याच्या आवाजात लाडका राग होता. “चहा पिसनी जा.” मग त्याचं लक्ष दाराकडे गेलं. तो पाहुण्याकडे झुकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, “ती बाई कोन शे, मले माहीत नही. दिनभर आठेच ऱ्हास. पन भली शे. मना पाय दाबस.”

ललितने जाळीतून आईकडे पाहिलं.

खालच्या गल्लीत रिक्षावाला कोणावर तरी गुजरातीत ओरडत होता. उषाबाईने डबा खाली ठेवला. पिठाचे हात पदराला पुसले आणि ती अंबाड्यातल्या पिना एकेक करून काढायला लागली.

“सकाळले तू कामले जास,” ती तरसाच्या डोक्याकडे बोट करत हळूच म्हणाली. “मना डोकाले बसी का रे ते?”