वाळूची पोती

"स्प्रिंगचे पाटे काढू नको, दौलत. मागे वाळू भर," इस्माईल मिस्त्री म्हणाला. "रिकामी पिकअप हायवेवर उडणारच. वजन बसलं की गप्प चालेल."

फोर-व्हील ड्राइव्हची ती जुनी गाडी दौलतने डोंगरातल्या चिखलासाठी घेतली होती. आता तो तिच्यातून दर आठवड्याला बायकोला धुळ्याच्या दवाखान्यात नेत होता. सिंधूचा कॅन्सर मणक्यात उतरला होता. खड्डा दिसला की दौलत म्हणायचा, "धर गं," आणि ती डोळे मिटून दाराची मूठ धरायची.

मिस्त्रीने सीटवर जाड फोम बसवला, टायरमधली जास्तीची हवा सोडली. दौलतने हौद्यात वाळूची पोती रचली. पुढच्या फेरीला सिंधूचा चक्क डोळा लागला. उठल्यावर म्हणाली, "वाळूला एवढं जपून नेता, मग मला काय बटाटे समजून नेत होता?" कित्येक दिवसांनी दोघं हसली.

त्यानंतरच्या फेरीला ती दवाखान्यातच गेली. शववाहिकेवाला डोंगरात यायला तयार होईना. तिला निजवायला जागा हवी म्हणून दौलतने आणि मेहुण्याने सगळी पोती उतरवून दवाखान्याच्या भिंतीशी टाकली. सिंधूचं वजन काही उरलंच नव्हतं. हायवेला लागताच गाडी पुन्हा उडू लागली. दौलतने वेग कमी केला. मागचे ट्रक हॉर्न वाजवत पुढे जाऊ लागले.

"दाजी, जरा पळवा," मेहुणा रडवेला होऊन म्हणाला. "ताईला आता काय दुखणार आहे?"

पुलाचा सांधा आला. दौलतने गाडी जवळजवळ थांबवली आणि मागच्या काचेकडे वळून म्हणाला, "धर गं."