सोमवारची बाटली

"ती बाटली तुम्ही नळाखाली भरलीत, मावशी," श्रीरंग सर म्हणाले. "खोटं बोलू नका."

बेटीबाय दाराशीच उभी होती. एव्हरशाईन सिटीतल्या त्या फ्लॅटवर ती पाच वर्षं दर सोमवारी सरांच्या संशोधनासाठी नदीचं पाणी घेऊन येत होती. पाच वर्षांत तिला कुणी बस म्हटलं नव्हतं. भरलेली बाटली द्यायची, रिकामी न्यायची. बाटलीला चिकटवलेल्या चिठ्ठीवर तारीख घालायची ती शिसपेन्सिलीने, कारण शाई पाण्याने पुसते. आकडे सरांनीच शिकवले होते. अक्षरं ती पुढे साठीत शिकली, मर्विनची तुरुंगातून पत्रं यायला लागली तेव्हा.

मर्विन तिचा एकुलता एक मुलगा. चार वर्षांपूर्वी तो आणि त्याच्यासोबत मासेमारी करणारा जेम्स होडी घेऊन नदीवर गेले आणि जेम्स बुडाला. आदल्या दिवशी दोघांचं जाळ्यावरून भांडण झालं होतं. नदीत डोळ्यांना न दिसणारं शेवाळ असतं. बुडणारा माणूस पाणी ओढतो, तेव्हा ते रक्तातून हाडांपर्यंत जातं. जेम्सच्या हाडांत त्याचा कणही नव्हता. कोर्ट म्हणालं, आधी मारला, मग पाण्यात टाकला. मर्विनला जन्मठेप झाली.

वरच्या कोर्टातल्या वकिलाने आता नवीच गोष्ट सांगितली होती. त्या दिवशी नदीतच शेवाळ नसेल, तर पोरगा सुटेल. पोलिसांनी नेलेल्या पाण्यात शेवाळ होतं, पण ते नेलं आठ दिवसांनी, भरती-ओहोटीने नदी धुऊन निघाल्यावर. त्याच दिवसाचं पाणी कुणाकडे आहे का?

तो दिवस सोमवार होता.

"सर, त्या बाटलीत काय निगालं?"

"शून्य."

बेटीबायने कपाळापासून छातीपर्यंत क्रुसाची खूण केली.

"एवढं हरखू नका. माझं समीकरण सांगतं, त्या दिवशी थेंबाला चारशे हवेत." सरांनी आपला लेख छापून आलेलं टेबलावरचं मासिक तिच्यापुढे धरलं. "तुम्हाला वाचता येत नाही म्हणून सांगतो. शेवाळ वाढलं की ते खाणारे वाढतात. ऊन, खारं पाणी, गोडं पाणी, सगळं एकमेकांत अडकलेलं. असल्या समीकरणाचं उत्तर लोक अंदाजाने काढतात. मी नेमकं काढलं. अडीचशे सोमवार तंतोतंत बसले, हा एकच नाही. मग चुकलं कोण? गणित की तुम्ही?"

"पान्यावर रंगाच्या कारखान्याचा जांभळा फेस होता, सर. माजा हात कोपरापर्यंत सोलला. तुमीच मलम दिलेलं."

"भांडी घासून सोलला असेल."

"मग ती बाटली मला द्या. वकील बघंल काय ते."

सर उठले. कपाटातून बाटली काढली आणि बेसिनमध्ये उपडी केली. औषध घालून चार वर्षं जपलेलं तपकिरी पाणी गरगरत खाली गेलं. वरून त्यांनी नळ सोडला.

"नळाचं पाणी कोर्टात नेलंत तर हसतील तुम्हाला. आणि मलाही."

सरांनी बाटली खळखळून धुतली, झाकण लावलं आणि दर सोमवारच्या सवयीने तिच्या हातात दिली.

"पुढच्या वेळी नीट भरा."

खाली वॉचमनच्या केबिनजवळच्या कट्ट्यावर ती बसली. खरंच नळाखाली भरली का आपण? त्या दिवशी गुडघा दुखत होता. घाटाच्या पायऱ्या उतरलो होतो की नाही? स्वतःच्याच हाताचा तिला भरवसा वाटेना. पोराला आपणच आत ठेवला, असं मनात आलं आणि तिने चिठ्ठीवरून अंगठा फिरवला. चिठ्ठी ओली होती, पण तारीख तशीच होती. तिच्याच वेड्यावाकड्या आकड्यांतली.

तारखेखाली बारीक अक्षरांत आणखी काही लिहिलेलं होतं. तेही शिसपेन्सिलीने. मर्विनचं पत्र वाचावं तसं, एकेका अक्षरावर बोट ठेवत तिने ते वाचलं.

'तीनदा तपासलं. पाणी नदीचंच, रंगाचा वास. शेवाळ शून्य. समीकरणात बसत नाही. वगळावं.'