पिकअपची तब्येत

दादाला पिकअपसाठी एअर फिल्टर घ्यायचा होता, म्हणून तीन आठवडे तो स्थळं बघावीत तसे फिल्टर बघत होता. कागदी घ्यावा, कापडी की फोमचा, या प्रश्नावर त्याने एकवीस व्हिडिओ पाहिले आणि दोन मित्र तोडले.

"अहो, एखादा घ्या आणि मोकळे व्हा," गॅरेजवाला शेवटी वैतागून म्हणाला.

"एखादा? दिवसभर सिमेंटची पोती वाहते ती! एवढी धूळ आत गेली तर इंजिन किती दिवस टिकेल?" बोलता बोलता दादाने बॉनेटवरून मायेने हात फिरवला.

ती पोती गाडीत चढवायचं आणि उतरवायचं काम आमचे बाबा करतात. ते शेजारच्या बाकावर खोकत बसले होते. "अरे, डॉक्टरांनी मला मास्क लावायला सांगितलंय. नुसत्या रुमालाने भागत नाही. जाता जाता घेऊ या का?"

"बाबा, एका वेळी एकच विषय घ्या ना."

अखेर बाजारातला सगळ्यात भारी फिल्टर बसला. दादाने बॉनेटला कान लावला आणि समाधानाने डोळे मिटले. "ऐका, इंजिन कसा मोकळा श्वास घेतंय!"

तेवढ्यात बाबांनी गॅरेजवाल्याकडून जुना फिल्टर मागून घेतला. त्याचा एक तुकडा कापला, त्यात दोरी ओवली आणि तोंडावर बांधला.

 

दादाने कौतुकाने मला कोपर मारलं. "बघ, शेवटी बाबांनाही पटलं फिल्टरचं महत्त्व."