बैलाचं दावं
पेढ्यांचा पुडा हातातच राहिला आणि शाईस्ता मॅडमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्यांना सांभाळण्यात, त्यावर संशोधन करण्यात आणि नर्सिंगच्या पोरींना तेच शिकवण्यात त्यांची हयात गेली, अन् त्याच विषयात पहिली आलेल्या सायलीच्या आजीचा पाय खाटेला बांधलेला, तोही बैलाच्या दाव्यानं! “पेपरात काय लिहिलंस? बांधू नका, हाताला काम द्या! अन् घरी हे?” “टोळीचा ट्रक आला म्हणत आजी रस्त्याकडं पळती, मॅडम. घरचे समदे ऊसतोडीला गेलेत. मी कॉलेजात असल्यावर हिला कोण बघणार?” मॅडमनी दावं सोडून भिरकावलं, अंगणातला कडबा आजीपुढं टाकला. आजीचे हात भराभरा पेंड्या बांधू लागले. “बघितलंस?” मॅडम कडाडल्या. कडबा संपल्यावर आजीनं स्वतःच कोपऱ्यातलं दावं उचललं, मॅडमच्या हातात दिलं आणि पाय पुढं केला. “झालं काम. बांध आता.”