पांढरी गाठ

मुग्धाताईच्या बाळाला गुंडाळलेलं सोनोग्राफीचं दुपटं त्याच्या पोटातलं सगळं भिंतीवरच्या पडद्यावर दाखवायचं, त्यामुळे भेटायला येणारे बाळाकडे बघायचेच नाहीत. "मूत्रपिंडं अगदी बापावर गेलीत हं!" असं म्हणून निमाआत्या कालच ताई सोडून सगळ्यांना हसवून गेली होती. नवी नवी मावशी झालेली इरा तर पोट धरधरून हसली होती.

पण त्या मूत्रपिंडांच्या डोक्यावरची एक ग्रंथी जन्मतानाच्या रक्तस्रावात कायमची गेली होती, आणि दुसरीत रक्त साकळून पांढरी गाठ झाली होती. "गाठ आतून काळी पडली, तर रक्त विरघळतंय समजा," डॉक्टर म्हणाले होते. "नाहीतर आपल्या हातात काही नाही."

आज सकाळी ताई ओरडलीच, "इरे, काळी पडली! बघ, मधोमध काळी पडली!" आणि भावोजींना फोन लावत ती खिडकीपाशी गेली.

इरा नाचतच पडद्याजवळ पोचली. तेवढ्यात बाळाने पाय झाडले, चित्र हललं, गाठही हलली. काळा ठिपका मात्र होता तिथेच राहिला. इराने तो चोळला, तर बोटाला काजळ आलं. दृष्ट लागू नये म्हणून निमाआत्याने जाताना तीट लावली होती, पण बाळाला नाही, पडद्याला!

खाली गाठ पांढरीशुभ्र होती, आणि कालच्यापेक्षा मोठी.

"अहो, रडताय काय? पेढे घेऊन या!" ताई फोनवर हसत होती. बाळ झाल्यापासून पहिल्यांदाच हसत होती.

ती वळायच्या आत इराने बोटावरचं काजळ पुन्हा गाठीवर टेकवलं.